वॉशिंग मशीन बंद, तरी ड्रममध्ये पाणी : वॉटर व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा का जातो?

मशीन बंद आहे, प्लगसुद्धा काढलेला आहे आणि सकाळी बघावं तर ड्रममध्ये वीतभर पाणी. किंवा नेमकं उलटं: बटण दाबलं, मागून नुसती घुरघुर ऐकू येते, पाण्याचा थेंब नाही आणि थोड्या वेळाने डिस्प्लेवर एरर. दोन्ही वेळा निदान एकच होतं, "इनलेट व्हॉल्व्ह गेलाय." व्हॉल्व्ह बदलला जातो, काही महिने बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

व्हॉल्व्ह एकदा जाणं यात नवल काही नाही, नळाचं पाणी मशीनमध्ये सोडणारा आणि थांबवणारा प्लास्टिक-रबराचा तो एक छोटा भाग आहे. पण वारंवार जात असेल, तर मशीनच्या बाहेर बघायला हवं. आपल्याकडे बहुतेक घरांत त्याची दोनच कारणं निघतात: टाकीचं प्रेशर आणि पाण्यातली वाळू. ती तशीच ठेवून नवा व्हॉल्व्ह घालणं म्हणजे दर वर्षी मेकॅनिकला चहाला बोलावण्यासारखं आहे.

हे सगळं फुली ऑटोमॅटिक मशीनबद्दल. सेमी ऑटोमॅटिकमध्ये बहुधा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह नसतोच, नळ आपण सोडतो आणि आपणच बंद करतो.

प्लग काढून बघा, मग बोला

कुठलंही झाकण उघडण्याआधी ही एक चाचणी करा. मशीन पाणी घेत असताना सॉकेटचं बटण बंद करा आणि प्लग काढा. पाणी त्याच क्षणी थांबलं पाहिजे.

वीज तोडल्यावरही पाणी येतच असेल, तर व्हॉल्व्ह यांत्रिकरीत्या उघडा राहतोय. बोर्ड (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक पीसीबी), सेन्सर, वायरिंग यांचा काही संबंध नाही. हे पक्कं लक्षात ठेवा, कारण या लक्षणावर "पीसीबी बदलावा लागेल" असं सांगणारे लोक आहेत आणि बोर्डाची किंमत हजारांत जाते. वीजच नसेल तर बोर्ड पाणी सोडणार कुठून?

प्लग काढल्यावर पाणी थांबतंय, पण प्लग लावला की प्रोग्रॅम सुरू न करताच पाणी यायला लागतं, असं असेल तर मामला बोर्डाचा आहे. व्हॉल्व्हच्या कॉइलला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला) वीज देणारा ट्रायॅक, म्हणजे बोर्डावरचा इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट झालेला असतो. बोर्डावर पाल किंवा मुंगळे मरून पडलेले सापडणं ही पावसाळ्यातली नेहमीची गोष्ट. इथे नवा व्हॉल्व्ह घालून काही उपयोग नाही.

तिसरा प्रकार फसवा आहे. मशीन धुणं सुरू केल्यावर पाणी घेतच राहतं, पातळी मात्र चढत नाही. व्हॉल्व्ह आपलं काम नीट करतोय, पाणी आत येतंय आणि मागच्या दाराने निघून जातंय. फ्रंट लोडच्या ड्रेन पाइपचं टोक जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर असावं लागतं. बाथरूमच्या मोरीत पाइप नुसता जमिनीवर सोडून दिला, की सायफन लागतो आणि टबातलं पाणी आपोआप ओढलं जातं. घर बदलल्यावर किंवा बाथरूमचं काम झाल्यावर हा प्रकार हमखास सुरू होतो. बऱ्याच टॉप लोड मशीनमध्ये ड्रेन पंप नसतो, तळाशी मोटरने उघडणारा ड्रेन व्हॉल्व्ह असतो. त्यात नाणं, केसांची पिन किंवा मोज्याचा धागा अडकला की तो पुरता मिटत नाही. परीक्षा सोपी आहे: मशीन पाणी घेत असताना ड्रेन पाइपच्या तोंडाशी हात धरा. तिथे धार लागली असेल तर इनलेट व्हॉल्व्हला दोष देऊ नका.

आणि पातळी चढते, ओसंडायला येते, तरी पाणी थांबत नाही, पण प्लग काढला की थांबतं, असं असेल तर पातळी मोजणाऱ्या सेन्सरची बारीक नळी बघा. टबाच्या तळापासून वर सेन्सरपर्यंत जाणारी ही नळी. टबात पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून मशीनला पातळी कळते. साबणाचा गाळ खालच्या तोंडाशी बसला किंवा उंदराने नळी कुरतडली, की मशीनला वाटतं टब रिकामाच आहे. नळी सेन्सरकडून सोडवून हलकी फुंकर मारली तर बरेचदा मोकळी होते. सेन्सरच्या तोंडात मात्र जोरात फुंकू नका, आतला पडदा नाजूक असतो.

व्हॉल्व्हला मिटायलाही पाण्याचा दाब लागतो

आता मूळ दुखणं. त्यासाठी व्हॉल्व्ह आतून कसा चालतो ते थोडं समजून घ्यावं लागेल.

बहुतेकांची समजूत अशी की कॉइलला वीज मिळाली की ती एक बूच वर खेचते आणि पाणी सुटतं. एवढ्याशा कॉइलमध्ये नळाच्या दाबाविरुद्ध अख्खं तोंड उघडायची ताकद नसते. म्हणून मधे रबराचा एक डायफ्राम असतो. त्याच्या कडेला एक अगदी बारीक भोक आणि मध्यभागी दुसरं. मधल्या भोकावर स्प्रिंग लावलेली लोखंडी दांडी टेकलेली असते. वीज नसताना कडेच्या भोकातून पाणी डायफ्रामच्या वर जाऊन साठतं आणि तेच पाणी डायफ्रामला खाली दाबून धरतं. कॉइलला वीज मिळाली की दांडी उचलली जाते, वरचं पाणी मधल्या भोकातून निसटतं, वरचा दाब उतरतो आणि खालच्या पाण्याच्या जोराने डायफ्राम वर उचलला जातो. म्हणजे कॉइल फक्त खिडकी उघडते, दरवाजा पाणी स्वतःच ढकलतं.

यातून दोन गोष्टी निघतात. कडेच्या भोकात वाळूचा एक कण अडकला तरी वरची बाजू भरत नाही आणि व्हॉल्व्ह मिटत नाही. आणि पाण्याला पुरेसा दाबच नसेल, तर डायफ्राम घट्ट बसत नाही, कडेने ठिबकत राहतो. दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही. प्रेशर कमी असेल तर पाणी कमी येईल हे सगळ्यांना कळतं, पण प्रेशर कमी असल्यामुळे पाणी बंद होत नाही हे उलटं वाटतं. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेमकं हेच घडतं.

आकडे मांडून बघू. व्हॉल्व्हच्या अंगावर किंवा मशीनच्या पुस्तिकेत दाबाची मर्यादा दिलेली असते, उदाहरणार्थ ०.०३ ते १.० मेगापास्कल. ०.१ मेगापास्कल म्हणजे साधारण १० मीटर उंच पाण्याचा दाब, तेव्हा ०.०३ म्हणजे ३ मीटर. आता समजा तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहता. जमिनीपासून गच्चीच्या स्लॅबपर्यंत ३ मीटर, त्यावर टाकीचा ओटा अर्धा मीटर. मशीनचा व्हॉल्व्ह जमिनीपासून सुमारे ९० सेंटिमीटर वर. म्हणजे टाकीच्या तळापासून व्हॉल्व्हपर्यंतचं अंतर २.६ मीटर. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर त्यात पाण्याची उंची मिळवा, मीटरभर धरली तर ३.६. ही झाली पासाची रेघ ओलांडलेली. पण रात्री टाकी उतरली, की हेच ३ मीटरच्या खाली येतं आणि व्हॉल्व्ह ठिबकायला लागतो. पहाटेपर्यंत ड्रममध्ये बादलीभर पाणी.

आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या एका काकूंकडे हे असंच चाललं होतं. दिवसा मेकॅनिक यायचा, टाकी भरलेली असायची, व्हॉल्व्ह शहाण्यासारखा मिटायचा. "आता तर बंद होतोय ना, मॅडम!" म्हणून तो जायचा. काकूंनी शेवटी कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली, ड्रममध्ये पाणी सापडलेल्या प्रत्येक दिवशी एक फुली. फुल्या पडल्या त्या पाणीकपातीच्या दिवसांवर आणि त्यांच्या दुसऱ्या सकाळी. त्या कॅलेंडरने जे सांगितलं ते एकाही व्हिजिटमध्ये कुणाला दिसलं नव्हतं. तुमच्याकडेही असं "कधी होतं, कधी नाही" चालू असेल, तर टाकीची पातळी आणि पाणी सापडण्याची वेळ लिहून ठेवा.

उपाय चढत्या खर्चाने सांगतो. पहिला फुकट आहे: धुणं झालं की मशीनच्या नळाची चावी बंद करा. पाइपवर चोवीस तास दाब राहत नाही आणि पाइप फुटून घरभर पाणी होण्याची भीतीही जाते. कमी प्रेशरवर चालणारा व्हॉल्व्ह हा दुसरा. त्याबद्दल पुढे बोलतो. तिसरा म्हणजे प्रेशर पंप. बऱ्याच सोसायट्या वरच्या दोन मजल्यांसाठी गच्चीवर एकच पंप बसवतात आणि तेच बरं. घरात प्रेशर पंप असेल आणि कुणीही नळ सोडलेला नसताना तो मधूनच चालू होऊन बंद होत असेल, तर कुठेतरी गळती आहे हे समजा. मशीनचा नळ बंद केल्यावर पंप गप्प बसला तर चोर सापडला.

पाणी येतच नाही तेव्हा

एलजीच्या मशीनवर आयई, सॅमसंगवर ४ई किंवा ४सी, बॉशवर ई१७ अशा खुणा दिसल्या, तर अर्थ एवढाच की ठरलेल्या वेळात पुरेसं पाणी आत आलं नाही. व्हॉल्व्ह बिघडलाय असं मशीन म्हणत नाही, ते फक्त "पाणी मिळालं नाही" अशी तक्रार करतंय.

नळ पूर्ण उघडा आहे ना, पाइप मशीनमागे भिंतीत दबून मुडपलेला नाही ना, हे बघून झालं की पाइप मशीनकडून सोडवा आणि बादलीत धरा. दहा लिटरची बादली दोन मिनिटांत भरत नसेल तर मशीनकडे वळायचं कारणच नाही. नळ, टाकी किंवा लाइनमध्ये अडथळा आहे. बादली झटकन भरली तर व्हॉल्व्हच्या तोंडातली जाळी बघा.

ही जाळी म्हणजे बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची टोपी. नोज प्लायरने मधला दांडा धरून सरळ बाहेर ओढायची. पिळलीत तर तुटते. नळाच्या बाजूच्या अडॅप्टरमध्येही बरेचदा दुसरी जाळी असते, ती लोक विसरतात. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवून शुक्रवारी सोडलं, की पहिलं पाणी गढूळ येतं. त्यात रिकाम्या पाइपमधला गंज आणि वाळू वाहून येते. तीच गोष्ट टाकी धुतल्यावर, टँकर आल्यावर आणि पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्यात. अशा दिवशी धुणं लावण्याआधी बाथरूमचा नळ पाच-दहा मिनिटं सोडून ठेवा. एवढ्याने व्हॉल्व्हचं आयुष्य वाढतं.

जाळीवर पांढरट, खडूसारखा थर असेल तर ते बोअरचे क्षार. टूथब्रशने निघत नाहीत. कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून त्यात जाळी अर्धा तास बुडवून ठेवा, थर फसफसून सुटतो. सुईने टोकरू नका, भोकं मोठी झाली की त्यातून जाणारा कण थेट डायफ्रामवर बसतो. आणि "जाळी सारखी तुंबते" म्हणून काढून फेकू तर नकाच. असे महाभाग आहेत. मग व्हॉल्व्ह दर पावसाळ्यात जातो.

नळाला पारदर्शक भांड्याचा सेडिमेंट फिल्टर लावणं चांगलं, पण तो स्वतः थोडं प्रेशर खातो आणि काडतूस मळलं की आणखी खातो. खालच्या मजल्यावर बेधडक लावा. टाकीच्या अगदी खाली राहत असाल तर पंपाशिवाय लावू नका, एक दुखणं जाऊन दुसरं येईल.

जाळी स्वच्छ, पाणी भरपूर, तरी मशीन नुसतं घुरघुरतंय, तर कॉइलला वीज मिळते आहे पण दांडी अडकली आहे, किंवा व्होल्टेज कमी आहे. उन्हाळ्यात गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज बरंच उतरतं. बोर्डाचा पॉवर सप्लाय कमी व्होल्टेजवरही तग धरतो, त्यामुळे डिस्प्ले छान पेटलेला असतो; व्हॉल्व्हची कॉइल मात्र थेट मेनवर चालणारी असेल तर तिची ओढ कमी पडते. संध्याकाळी अडणारं मशीन सकाळी सुरळीत चालत असेल तर व्हॉल्व्ह घ्यायला दुकानात जाऊ नका, आधी व्होल्टेज मोजा.

घुरघुरही नाही, पूर्ण शांतता, अशा वेळी मल्टिमीटर काढा. प्लग काढलेला, नळ बंद. टॉप लोडला बहुधा वरच्या पॅनलची मागची पट्टी निघते, फ्रंट लोडला वरचं झाकण मागून दोन स्क्रू काढून मागे सरकवलं की व्हॉल्व्ह दिसतो. कनेक्टर काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. मीटर २० के ओहमवर ठेवून कॉइलच्या दोन पात्यांवर टेकवा. २२०–२४० व्होल्टची कॉइल साधारण ३ ते ५ किलोओहम दाखवते. एकाच व्हॉल्व्हवर दोन-तीन कॉइल असतील तर सगळ्यांचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत, एक वेगळाच असेल तर तोच बिघडलेला. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. काही मशीनमध्ये १२ व्होल्ट डीसी कॉइल असते, तिचा आकडा कितीतरी कमी येतो. म्हणून आधी कॉइलवर छापलेलं वाचा. व्हॉल्व्हला वायर जोडून थेट मेनमधून "डायरेक्ट" देऊन बघायची काही मेकॅनिकना सवय असते. ओल्या जागेत उघड्या पात्यांना २३० व्होल्ट लावणं हा वेडेपणा आहे, मीटर असताना त्याची गरजही नाही.

बदलायचाच ठरला तर

बाजारात पर्यायी व्हॉल्व्ह काही शे रुपयांत मिळतो. दुकानात मशीनचं नाव सांगून भागत नाही, जुना व्हॉल्व्ह हातात घेऊन जा. कॉइल किती, नळ्या सरळ निघतात की काटकोनात, व्होल्टेज किती, पकडपट्टीची भोकं जुळतात का, हे सगळे बघतात. न बघितली जाणारी गोष्ट म्हणजे किमान दाब. मूळ व्हॉल्व्ह ०.०२ मेगापास्कलचा असेल आणि दुकानदाराने ०.०५ वाला दिला, तर तो दिसायला तंतोतंत सारखा असतो, स्क्रूही बरोबर बसतात आणि वरच्या मजल्यावर पहिल्याच आठवड्यात ठिबकायला लागतो. "नवा व्हॉल्व्हसुद्धा डिफेक्टिव्ह निघाला" या तक्रारीत हे कारण बरेचदा असतं. टाकी ते व्हॉल्व्ह उंची मीटरमध्ये मोजा, तिला दहाने भागा, पुन्हा दहाने भागा. येणारा आकडा छापलेल्या किमान आकड्यापेक्षा मोठा हवा, तोही टाकी उतरलेली असताना.

सोलरवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. एकच इनलेट असलेल्या मशीनला गार पाण्याचाच व्हॉल्व्ह असतो. "फुकटचं गरम पाणी आहे" म्हणून त्याला सोलरची लाइन जोडली, की ६०–७० अंशांच्या पाण्याने डायफ्रामचं रबर कडक होतं आणि तो बसायचा थांबतो. गरम पाण्याची सोय असलेल्या मशीनला दुसरा, लाल खुणेचा इनलेट असतो. बॉशच्या अ‍ॅक्वास्टॉप असलेल्या मॉडेलमध्ये तर पाइपच्या नळाकडच्या टोकाशीच व्हॉल्व्ह असतो आणि पाइपच्या आतून वायर जाते. तो पाइप लांब पडतोय म्हणून कापायचा नसतो, हे प्लंबरला आधीच सांगा.

व्हॉल्व्हच्या तोंडात जाळीमागे रबराची एक छोटी चकती असते, ती प्रवाह मर्यादित ठेवते. प्रेशर कमी आहे म्हणून मेकॅनिक ती काढून टाकतो आणि मशीन लवकर भरायला लागतं. पंप नसेपर्यंत ठीक. पुढे सोसायटीने पंप बसवला की साबणाच्या खणातून पाणी बाहेर उसळतं आणि कुणालाच कारण सुचत नाही. काढलेली चकती मागून घ्या आणि मशीनच्या पुस्तिकेला सेलोटेपने चिकटवून ठेवा.

बसवताना पाइपच्या नटमध्ये रबरी वायसर आहे ना ते बघा आणि नट हातानेच आवळा. पान्याने आवळला तर व्हॉल्व्हचे प्लास्टिकचे आटे जातात. वायसर असताना टेफ्लॉन टेपची गरज नाही. आतल्या नळ्यांच्या स्प्रिंग क्लिपा पकडीने दाबून पूर्ण जागेवर सरकवा. मग झाकण लावण्याआधी नळ सोडून दहा मिनिटं नुसतं बघत बसा, प्लग न लावता. सांध्यांखाली कोरडा टिश्यू पेपर फिरवला की बारीक ओलही कळते. सगळं कोरडं असेल तर प्लग लावून रिकामं मशीन सुरू करा आणि साबणाचा खण थोडा उघडा ठेवून बघा. पाणी मुख्य धुण्याच्या खणात यायच्या ऐवजी कंडिशनरच्या खणात पडत असेल, तर व्हॉल्व्ह चांगला आहे, तुमचे दोन कनेक्टर उलटसुलट लागलेत. प्लग काढा, फोटो उघडा आणि अदलाबदल करा.